शाल नको, अकराची गोळी सांभाळा

सरांचं नाव लिहीत नाही. ज्यांनी नव्वदच्या दशकात कोल्हापुरात कॉलेजचा फुटबॉल खेळलाय त्यांना दोन ओळींत कळेल कोण ते, आणि ज्यांना कळणार नाही त्यांना नाव सांगून तरी काय उपयोग. कॉलेजात ते फिजिकल डायरेक्टर, म्हणजे जिमखाना, वार्षिक स्पोर्ट्स, कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं त्यांच्याकडं, पण जीव फुटबॉलमध्ये. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आता त्यांना पार्किन्सन्स, म्हणजे हालचाली मंद करणारा मेंदूचा आजार, आहे आणि आम्ही काही जुनी पोरं (पोरं म्हणजे पन्नाशीला टेकलेली, गुडघे गेलेली) काकूंच्या जोडीनं त्यांचं बघतोय. यात काय काय करावं लागतं ते लिहून काढतोय, कारण आम्हाला सुरुवातीला कुणी धड सांगितलंच नव्हतं, सगळे आपले "वयाप्रमाणं होतंच की" म्हणून गप्प.

बाहेरच्यांसाठी एक सांगायला पाहिजे. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठ आणि तालीम. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, ज्याची त्याची तालीम, ज्याचा त्याचा रंग, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की बाप आणि जावई पण वेगवेगळ्या बाजूला बसणार. पण कॉलेजची टीम झाली की याच सगळ्या तालमींची पोरं एका जर्सीत. रविवारी एकमेकांच्या नडग्या फोडलेली पोरं सोमवारी सकाळी सहाला एकाच राउंडला पळायची. सरांनी एक नियम केलेला, ग्राउंडवर पेठेचं नाव काढायचं नाही, काढलं की पाच राउंड. मी लेफ्ट बॅक. राउंड भरपूर मारलेत.

तर आजार. पहिल्यांदा लक्षात आलं ते आमच्या एका स्ट्रायकरच्या, आणि ते पण रंकाळ्यावर. सर पुढं चालत होते आणि हा मागं. म्हणाला, सरांचा उजवा हात हलत नाही रे चालताना, डावा हलतोय, उजवा नुसता अंगाला चिकटल्यासारखा. आम्ही म्हटलं खांदा धरला असेल. काकू पण तेच म्हणत होत्या, आणि हाडांच्या डॉक्टरांनी पण फ्रोझन शोल्डर म्हणून शेक आणि व्यायाम दिलेला. नंतर कळलं की बऱ्याच पेशंटचं असंच होतं, खांद्यापासूनच सुरुवात होते आणि वर्ष दोन वर्षं त्यातच जातात. बाकी खुणा होत्या पण त्या सुट्या सुट्या होत्या. अक्षर बारीक झालेलं. सरांचं अक्षर म्हणजे नोटीस बोर्डावरचं मोठं ठसठशीत, ते वहीच्या एका ओळीत सुरुवातीला मोठं आणि शेवटाला मुंगीएवढं व्हायला लागलं. तांबड्या रश्श्याचा वास येत नाही म्हणायचे, काकूंना वाटायचं आपल्या मसाल्याला नावं ठेवतात. आणि रात्री झोपेत लाथा मारायचे, ओरडायचे, एकदा काकूंच्या पोटरीवर असली बसली की त्या दुसऱ्या खोलीत झोपायला लागल्या. आम्ही हसायचो, सर झोपेत पण पेनल्टी मारतात म्हणून. हे सगळं त्याच आजाराचं असतं आणि थरथर सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतं हे आम्हाला न्यूरोलॉजिस्टनं सांगितलं.

न्यूरोलॉजिस्टकडं गेलो तेव्हा वाटलेलं मोठी मशिनं, रिपोर्टची फाईल. तसं काही नाही. अंगठा आणि बोट आपटायला लावलं, मूठ उघड-मीट, हात सैल सोडून ते कोपरात वाकवून बघितले, दारापर्यंत चालवलं, आणि मग मागं उभं राहून खांद्याला धरून अचानक मागं ओढलं, तोल सावरतो का बघायला. सर तीन पावलं मागं गेले, मीच धरलं. एमआरआय काढला पण तो दुसरं काही नाही ना एवढं बघायला, रक्ताच्या टेस्टमधून हे कळत नाही. मेंदूत डोपामिन (हालचालीचा निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात, लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात, बरा होत नाही पण गोळ्यांनी बरीच वर्षं चालवता येतं, असं सरळ सांगितलं. सरांनी एकच विचारलं, "स्पीड किती आहे याचा?" डॉक्टर म्हणाले प्रत्येकाचा वेगळा. सर म्हणाले, मग मार्किंग करता येणार नाही.

मग सुरू झाली गोळी. लेव्होडोपा (मेंदूत जाऊन तिचंच डोपामिन होतं) आणि कार्बिडोपा, सगळीकडं मिळते, सिंडोपा नावानं बहुतेकांना माहीत असेल. पहिले काही महिने जादूच झाली म्हणायला पाहिजे, हात हलायला लागला, सर परत सकाळी फिरायला. आणि मग मधेच काही दिवस गोळी लागूच पडेना. सकाळची तर अजिबात नाही, अकरा वाजेपर्यंत खुर्चीतून उठता येत नव्हतं. डोस वाढवायचा विषय निघाला. डॉक्टरांनी आधी विचारलं गोळी कशाबरोबर घेता. काकू म्हणाल्या, दुधाबरोबर. आता कोल्हापूरचा माणूस सकाळी दूध पिणारच, सर तर चाळीस वर्षं कट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं दूध पिणारे, पोरांना पण तेच सांगायचे, चहा बंद, दूध प्या. पण लेव्होडोपा आणि प्रोटीन दोघांची आत शिरायची वाट एकच आहे, आतड्यातून पण आणि मेंदूत पण, आणि दूध असलं की गोळी बाहेरच राहते. मग नियम झाला, गोळी पाण्याबरोबर, जेवणाआधी निदान अर्धा तास नाहीतर जेवणानंतर तासाभरानं, आणि मटण, अंडी, दूध जे काय असेल ते रात्री. डोस न वाढवता सर पंधरा दिवसांत सुधारले. ही एवढीशी गोष्ट चिठ्ठीवर कुठं लिहिलेली नसते बघा, आणि केमिस्ट पण "जेवणानंतर" म्हणून पाकिटावर तीन रेघा मारून देतो.

पुढं पुढं गोळीचा असर लवकर उतरायला लागला. याला ते ऑन आणि ऑफ म्हणतात. ऑन असताना सर स्वतः अंघोळ करणार, पेपर वाचणार, आम्हाला शिव्या घालणार. ऑफ झाले की बटन दाबल्यासारखे थांबतात, बोलणं बंद, हात लाकूड. मग गोळ्या पाच वेळा झाल्या, सकाळी सात, अकरा, तीन, सात आणि रात्री झोपताना वेगळी. आणि इथं वेळ म्हणजे वेळ. पंधरा मिनिटं इकडं तिकडं चालेल असं आपल्याला वाटतं, त्यांच्या अंगाला चालत नाही. काकूंचं वय सत्तरीच्या पुढं, त्यांचा स्वतःचा बीपी, मुलगी परदेशात, ती पैसे पाठवते, रोज व्हिडिओ कॉल करते, पण अकराची गोळी व्हिडिओ कॉलवरून देता येत नाही. तिथं आम्ही आलो. मी उद्यमनगरात काम करतो, सरांचं घर वाटेवर, तर सकाळी सात माझ्याकडं. अकराला एक गोलकीपर आहे आमचा, त्याचं स्वतःचं दुकान, तो शटर अर्धं ओढून येतो. तीनला काकू. संध्याकाळी सातला जो मोकळा असेल तो. ग्रुपवर "दिली" एवढंच लिहायचं, गुड मॉर्निंग आणि फुलांचे फोटो टाकले की ग्रुपमधून बाहेर.

आता जरा स्पष्ट बोलतो. सरांवर प्रेम करणारी माणसं हजारांनी आहेत, खोटं नाही. आजार कळल्यावर सत्कारांची रांग लागली. कृतज्ञता सोहळा, गुरुवंदना, जीवनगौरव, प्रत्येकाला सर स्टेजवर पाहिजेत. एका कार्यक्रमाला पाहुणे दीड तास उशिरा आले, सरांची गोळी आम्ही वेळेवर दिलेली तिचा असर भाषणं होईपर्यंत संपला, आणि सत्काराच्या वेळी सरांना उठताच येईना. लोकांना वाटलं भावुक झाले. फोटोत सर दगडासारखे बसलेत आणि आजूबाजूला सगळे हसतायत. घरी शालींचं कपाट भरलंय, काकू म्हणतात बोहारणीला पण नको आहेत. त्या सोहळ्याला आलेल्या साडेतीनशे जणांपैकी चारजण जरी आठवड्यातून एक वार धरून संध्याकाळी सातला आले असते तर, जाऊ दे. सांगून येणारे नसतात.

चालणं हा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम. सरांचे पाय चालता चालता जमिनीला चिकटतात, फ्रीझिंग म्हणतात त्याला, आणि ते होतं नेमकं दाराच्या चौकटीत, उंबऱ्यात, वळताना. मोकळ्या मैदानावर माणूस झपाझप जाईल आणि संडासच्या दारात पाच मिनिटं अडकेल. आपल्याला वाटतं ओढावं. ओढायचं नाही, ओढलं की वरचं अंग पुढं येतं, पाय तिथंच, तोंडावर पडतात. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं की समोर आडवी रेघ दिसली तर बऱ्याच जणांचा पाय उचलतो, कारण आपोआप चालायची जी सिस्टिम आहे ती बंद पडलेली असते पण बघून, ठरवून पाऊल टाकायची दुसरी वाट चालू असते. मी वर्कशॉपमधून पांढरी टेप आणली आणि बेडपासून संडासपर्यंत दीड दीड फुटावर आडव्या पट्ट्या मारल्या. सर खुर्चीत बसून बघत होते. सगळं झाल्यावर बारीक आवाजात म्हणाले, तिसरी वाकडी आहे. होती वाकडी, सूतभर. काढून परत लावली. मग उठवलं. चौकटीत आले, थांबले, खाली बघितलं आणि पट्टी ओलांडून पलीकडं. परत थांबले, परत ओलांडली. काकू रडायला लागल्या तर सर म्हणतात, "रडू नको, ऑफसाइड नाही." हे बोलताना चेहरा एकदम कोरा. चेहऱ्याचे स्नायू पण आखडतात ना, त्यामुळं सर विनोद करतात तेव्हा कळायला दोन सेकंद जातात.

आवाजाचं तसंच. शिट्टी न वापरता अख्ख्या ग्राउंडला ऐकू जाणारा माणूस, आता शेजारी बसून कान द्यावा लागतो. पण गंमत अशी की त्यांना स्वतःला आवाज नॉर्मलच वाटतो. आम्ही "आँ?" केलं की चिडतात, तुम्ही सगळे बहिरे झालाय म्हणतात. स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवलं तेव्हा गप्प बसले. आता रोज मोठ्यानं "आ" लावायचा आणि काही ठरलेली वाक्यं ओरडून म्हणायची. सरांनी वाक्यं स्वतः निवडली. "पास दे की लेका!" "मागं बघ!" गल्लीतली बारकी पोरं खिडकीखाली जमतात ऐकायला.

हेडिंगनं, म्हणजे डोक्यानं बॉल मारून मारून झालं का, हे आम्हाला कित्येकांनी विचारलं. ग्लासगोच्या संशोधकांचा २०१९ चा अभ्यास आहे, स्कॉटलंडचे ७,६७६ जुने प्रोफेशनल खेळाडू घेतलेले, त्यांच्यात मेंदू झिजण्याच्या आजारानं मरायचं प्रमाण साध्या लोकांपेक्षा साधारण साडेतीन पट निघालं, पार्किन्सन्सचं दुप्पट. पण त्यातच हृदयविकारानं मरायचं प्रमाण कमी पण निघालंय, ते कुणी सांगत नाही. आणि ते आयुष्यभर पैसे घेऊन खेळलेले लोक, आमचे सर मिडफिल्डर, बॉल जमिनीवर ठेवा म्हणून बोंबलणारे. डॉक्टर म्हणाले एका माणसाचं असं कारण सांगता येत नाही. सरांना त्यात इंटरेस्टच नव्हता. त्यांना जास्त लागलं ते पी. के. बॅनर्जींचं. सरांचा देव तो, रोम ऑलिंपिकला भारताच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, १९६२ ला जकार्ताच्या एशियन गेम्सच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियाला गोल मारणारा, आणि नंतर आयुष्यभर कोचिंग. मार्च २०२० मध्ये पीके गेले तेव्हा पेपरात आलेलं, त्यांना पार्किन्सन्स आणि स्मृतिभ्रंश पण होता. सरांनी ते कात्रण कापून घ्यायला लावलं. काकूंनी लपवून ठेवलं तर परत मागितलं. काही दिवसांतच लॉकडाऊन लागला आणि त्या काळात गोळ्या मिळवायची आमची पळापळ हा वेगळाच विषय आहे.

हयातीच्या दाखल्याचं मात्र सांगतोच. पेन्शनला दर नोव्हेंबरमध्ये जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. बँकेत सही जुळेना, कारण अक्षर बारीक झालेलं आणि रेकॉर्डवर तीस वर्षांपूर्वीची ऐटबाज सही. काउंटरवरच्या पोरानं तीनदा करायला लावली, प्रत्येक वेळी आणखी बारीक. मग कुणीतरी म्हणालं जीवन प्रमाण ऑनलाइन करा. बोटाचं मशीन आणलं, बोट स्थिर राहीना. मग चेहऱ्यावरून होतं म्हणाले, मोबाईलवर ॲप, समोर धरायचं आणि डोळे मिचकवायचे. आता पार्किन्सन्सच्या माणसाची पापणीच कमी लवते! ॲप आपलं सांगतंय डोळे मिचकवा, सर एकटक बघतायत, आम्ही चौघं मागून "सर मिचकवा, सर मिचकवा", आणि ते म्हणजे थेट वाघासारखे रोखून. ॲप बंद, परत सुरू, परत बंद. शेवटी अकराची गोळी दिली, पाऊण तास थांबलो म्हणजे असर पुरता चढेल, खुर्ची उजेडात दाराकडं तोंड करून ठेवली, आणि गोलकीपरनं मोज्यांचा गोळा करून मोबाईलच्या बाजूनं सरांच्या तोंडाकडं टाकला. पापणी लवली. झालं, सरकारदरबारी सर जिवंत. सर म्हणाले, "याच्या हातनं आयुष्यात पहिल्यांदा बॉल नीट सुटला."

मधे एकदा छातीत कफ होऊन ॲडमिट करावं लागलं. हॉस्पिटलचं नाव नको, माणसं वाईट नव्हती, पण तिथं गोळ्या राउंडप्रमाणं, आठ-दोन-आठ. पहिल्या रात्री सरांना कूस बदलता येईना आणि सिस्टर म्हणतात म्हातारे आहेत, अशक्तपणा आहे. अशक्तपणा नव्हता, सातची गोळी साडेनऊला मिळालेली. दुसऱ्या दिवशी न्यूरोलॉजिस्टचं पत्र आणलं, वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून बेडच्या वर चिकटवलं आणि वॉर्डच्या डॉक्टरांना विनंती केली की गोळ्या आम्हीच वेळेवर देतो, तुम्ही फक्त नोंद करा. ऐकलं त्यांनी. अजून एक, उलटी होते म्हणून सरसकट देतात ते मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन पार्किन्सन्सच्या पेशंटला चालत नाही, ते डोपामिनच अडवतं, आजार एकदम वाढल्यासारखा होतो. हे पण त्याच कागदावर लाल पेननं लिहिलं. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी असा कागद आधीच करून फाईलला लावून ठेवा, रात्री दोनला पळताना सुचत नाही.

त्यानंतर सर जरा खालीच आले. गिळायला त्रास, पातळ काही दिलं की ठसका, म्हणून पाणी सुद्धा हनुवटी खाली घेऊन एक एक घोट, रस्सा बंद, दाट आमटी आणि मऊ भात. रस्सा बंद केला त्या दिवशी दोन तास बोलले नाहीत. आणि संध्याकाळी कधी कधी खोलीत पोरं दिसतात. भिंतीकडेला बसलेली, किट घातलेली. घाबरत नाहीत, उलट काकूंना म्हणतात ही कधीची थांबलीत, त्यांना केळी दे. डॉक्टरांनी एक जुनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली, तेव्हापासून पोरं कमी झालीत, गेलेली नाहीत. आम्ही ठरवलंय वाद घालायचा नाही, "पाठवतो घरी" म्हणायचं. एकदा मी म्हटलं कोण कोण आहेत सर, तर नावं सांगितली, बरोबर अकरा, शिवाजी आणि पाटाकडीलची शेजारी शेजारी बसवलेली.

पुढं जेवणासाठी नळी घालायची का वगैरे प्रश्न येणार आहेत. डॉक्टर म्हणाले सर नीट बोलतायत तोवर त्यांनाच विचारून ठेवा. काकूंनी विचारलं, एका दुपारी, ऑन असताना. काय ठरलं ते त्या दोघांचं आहे, मुलीला आणि डॉक्टरांना माहीत आहे, ग्रुपवर त्याची चर्चा होणार नाही.

भेटायला यायचं असेल त्यांच्यासाठी. सव्वाबारा ते एक या वेळात या, तेव्हा सर बरे असतात. येताना शाल, नारळ, बुके, पेढे काही नको, पिकलेली केळी चालतील. "ओळखलं का सर?" असं विचारून परीक्षा घेऊ नका, स्वतःचं नाव, बॅच आणि पोझिशन सांगा, बाकीचं ते स्वतः काढतात. उत्तराला वेळ लागला तर मधे बोलू नका, दहा-पंधरा सेकंद थांबा, येतं उत्तर. शेकहँडसाठी हात धरून ओढू नका. पट्ट्यांवर चपला ठेवू नका. आणि मंगळवार, शुक्रवार संध्याकाळी सातची गोळी अजून कुणी घेतलेली नाही, गोलकीपर दोन्हीकडं पळतोय, त्याच्या दुकानाचा तोच टाइम आहे. कुणाला जमत असेल तर मला नाही, डायरेक्ट काकूंना फोन करा.